रिकाम्या पेटीतला बेडूक

बेडकांसाठी घरं करून देणं हा माझा धंदा आहे, आणि तो माझ्याइतका चोख करणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. फुशारकी वाटली तर वाटू दे. लोक काचेची पेटी आणतात, तळाला माती ओततात, दोन झाडं खोचतात, वर बेडूक सोडतात आणि थोड्या दिवसांनी मला फोन करतात की ताई, वास येतोय. येणारच. पाणी खाली उतरायला जागाच ठेवली नाही तर ते मातीत बसून कुजतं. मग मी जाते, नाक दाबून सगळं उपसते आणि पहिल्यापासून करून देते. पेटी मात्र त्यांची वापरत नाही. पेटी मामाच्या हातचीच लागते मला.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मी त्याच्या आणि मामीच्या घरी वाढले. जन्मभर त्याने काच कापली: खिडक्या, आरसे, दुकानांची कपाटं. हिरकणीने, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने, रेघ ओढायची, खालून टिचकी मारायची, आणि काच निमूटपणे दोन भागांत हातात यायची. त्याने मला दोनच गोष्टी शिकवल्या. निसटलेली काच पकडायला जायचं नाही, पडू द्यायची. आणि गिऱ्हाइकाला कधीच दिसणार नाही तो जोडही सरळच हवा. पहिली गोष्ट मी टपली खाऊन शिकले, दुसरी त्याच्याकडे बघून.

गेलं वर्षभर त्याच्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं. काच कापताना नाक काचेला टेकायला लागलं होतं. एकदा दाराला टांगलेल्या मामीच्या कोटाला त्याने दोनदा विचारलं, चहा झाला का, आणि कोट बोलेना म्हणून रुसून बसला. मामीने डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"मला दिसतंय."

त्याच सुमाराला मला एक मोठं काम आलं, तेही नेमकं डोळ्यांच्या दवाखान्यातलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घरी दोन टोड पाळले होते. टोड म्हणजे खरखरीत अंगाचा, जमिनीवर राहणारा बेडूक; दिसायला कायम रुसलेला, खायला राक्षस. इतके दिवस ते प्लास्टिकच्या टबात होते. आता बाईंना दवाखान्यातल्या बाकासमोर, वाट बघत बसलेल्या पेशंटांना बघायला मिळेल अशी झाडांनी भरलेली पेटी हवी होती. बाई माझ्याच वयाच्या. बोलायच्या कमी, बघायच्या जास्त.

"वरच्या फांद्यांवर दोन हिरवे बेडूकही सोडू या," त्या म्हणाल्या. "वर हिरवे, खाली टोड. छान दिसेल."

"एक दिवस छान दिसेल," मी म्हटलं. "टोडच्या तोंडात जे मावतं ते टोडचं जेवण. जे मावत नाही त्याला टोडच्या कातडीचं विष बाधतं. शिवाय हिरव्याला सगळं ओलं लागतं, टोडला कोरडा कोपराही लागतो. एका घरात कोंबले तर दोघांचेही हाल."

"बरं," त्या म्हणाल्या. एका वाक्यात ऐकणारी गिऱ्हाइकं मला फार आवडतात.

पेटी मामाने केली. पुढे सरकणारी काच, वर जाळीचं झाकण, बाकाइतकी लांब. ती करताना एक मोठी काच त्याच्या हातून निसटली, आणि त्याने ती पकडली. मला ज्यासाठी टपली मारली होती तेच स्वतः केलं. अंगठा चांगलाच कापला. मामी ओरडली, मी पट्टी बांधली, आणि तो म्हणाला, घाम आला होता हाताला, म्हणून निसटली. त्या पट्टी बांधलेल्या अंगठ्यानेच त्याने पुढचे जोड केले. जोडांत भरलेलं चिकट सिलिकॉन वाळल्यावर बाहेर आलेला भाग पात्याने खरवडला, दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "चकाचक."

मी बघितलं. उजव्या कोपऱ्यातला जोड वळवळत वर गेला होता, आणि बाहेरच्या बाजूने मध्यावर सिलिकॉनचा गोळा तसाच राहिला होता. पाणी भरून बघितलं. थेंब गळला नाही. नुसता दिसायला वाईट. मामा माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

"चकाचक," मी म्हटलं.

तशी मी गेले काही महिने म्हणतच होते.

पेटी दवाखान्यात नेऊन मी भरायला घेतली. तळाला भाजक्या मातीच्या गोळ्यांचा थर, म्हणजे पाणी खाली उतरून बसतं. त्यावर बारीक जाळी, म्हणजे माती खाली जात नाही. त्यावर माती: नारळाचा भुसा, कुजलेल्या पानांचा चुरा, थोडी वाळू. मागच्या बाजूला चांगली खोल, कारण टोडला पुरून घ्यायला आवडतं. दगड मातीवर ठेवायचे नसतात. आधी दगड थेट तळाशी टेकवायचे, मग भोवती माती भरायची. नाहीतर टोड दगडाखाली खणतो, दगड खचतो आणि टोड त्याच्याखाली चिरडतो. झाडांच्या मुळांभोवतीही गोटे रचायचे, कारण टोडला बागकामाची फार हौस, दिसेल ते उपटून टाकतो. लपायला लाकडाची पोकळ साल. मातीत बारीक पांढरे किडे सोडले; ते घाण खाऊन टाकतात. उजव्या कोपऱ्यात, त्या जोडासमोर, मी माझ्याकडचा सगळ्यात दाट नेचा लावला. आणि वरच्या फांदीवर एक झाड बांधलं, ज्याच्या पानांचा मध्यभागी पेला होतो आणि त्यात पाणी साठून राहतं. प्रत्येक झाड मी आणल्यावर मुळं उघडी करून धुते, पान न पान उलटून बघते आणि काही दिवस वेगळं ठेवते. माझ्या पेटीत आगंतुक शिरत नाही.

"आता महिनाभर पेटी अशीच राहील," मी बाईंना सांगितलं. "झाडं मूळ धरतील, किडे वाढतील. मग टोड."

"बरं. या कोपऱ्यात नेचा इतका दाट का?"

"शोभेला."

त्यांनी खिशातून टॉर्च काढली. बाहेरून काचेच्या कडेवर उजेड टाकत वरपासून खालपर्यंत नजर नेली, मग सिलिकॉनच्या गोळ्यावर बोट ठेवलं.

"पेटी कुणी जोडली?"

"माझ्या मामाने. पाणी गळणार नाही, मी भरून बघितलंय." माझा आवाज चढला. मामाच्या कामाला कुणी बोट लावलं की चढतोच.

"पाण्याचं नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या. "त्यांना घेऊन या. डोळे बघू."

मामाला मी पेटी दाखवायला म्हणून नेलं. बाईंनी त्याला कधी गप्पांत गुंतवलं आणि कधी तपासायच्या खुर्चीत बसवलं, त्याला कळलंही नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्याला अजून सवड होती, उजवा पुरता पिकला होता.

"आत्ता केलं तर सोपं काम आहे, काका," त्या म्हणाल्या. "थांबलात तर तेच अवघड होऊन बसेल. मग पूर्वीसारखं दिसेलच असं मी सांगू शकणार नाही."

"मला दिसतंय," मामा म्हणाला, आणि बाहेर येऊन पेटीसमोरच्या बाकावर हाताची घडी घालून बसला. भीती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. ज्याने आयुष्यभर धारदार वस्तू हाताळल्या, त्याला तशीच एक वस्तू आपल्या डोळ्यात जाणार हे सोसवत नव्हतं.

बाई त्याच्या मागोमाग आल्या. "काय दिसतंय, काका?"

"पेटी दिसतेय. झाडं दिसतायत. तो बेडूक दिसतोय."

"कुठला बेडूक?"

"तो काय, दगडाशेजारी. तपकिरी, मुठीएवढा. बघतोय माझ्याकडे. ज्याला बेडूक दिसतो त्याचे डोळे कशाला कापायचे?"

मला हसू आवरेना. "मामा, पेटी रिकामी आहे."

"तुला दिसत नसेल. तूही तपासून घे."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मामाच्या डोळ्यांपेक्षाही माझ्या कामावर आला होता तो. "मी स्वतः भरलीये ही पेटी. मी सोडलेले किडे सोडून यात काही जिवंत निघालं, तर धंदा बंद करेन आणि तुझ्या दुकानात काचा पुसायला बसेन."

"लाव पैज. बेडूक निघाला तर ऑपरेशन नाही. तू विषय काढायचा नाही, तुझ्या मामीनेही काढायचा नाही."

"आणि टोड सोडायच्या दिवसापर्यंत नाही निघाला, तर तू गुपचूप टेबलावर झोपायचं."

"ठरलं."

"डोळ्यांवर पैज लावत नसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आम्ही मामा-भाची तोवर हात मिळवून मोकळे झालो होतो. मी तर मनातल्या मनात मामीला बातमीही सांगून टाकली होती. हरायची शक्यताच नव्हती. रिकामी पेटी ती रिकामी पेटी.

मग मी झाडांवर पाणी फवारायला जायची तेव्हा मामा बरोबर यायला लागला. बाकावर बसून तो माझ्या रिकाम्या पेटीची खबरबात द्यायचा.

"आज सालीखाली शिरलाय. शेपूट तेवढं बाहेर आहे."

"बेडकाला शेपूट नसतं, मामा."

"मग पाय असेल. तू कशाला बारकावे काढतेस?"

वाट बघत बसलेल्या पेशंटांपैकी निम्म्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले असायचे. हळूहळू त्यांनाही बेडूक दिसायला लागला. एका गृहस्थांना तो पाण्यात दिसला, त्यांच्या बायकोला फांदीवर, आणि मागच्या बाकावरच्या एक बाई म्हणाल्या की गेल्या वेळी तो बराच लहान होता, आता चांगला भरलाय. मामा प्रत्येकाला जागा करून द्यायचा आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. आपली बाजू बळकट होतेय असं त्याला वाटत होतं. मी फवारा मारत राहायची. रागवायचं कशाला, माझा विजय तिथे मुळं धरत होता.

टोड सोडायला चार-पाच दिवस उरले असताना एका सकाळी मी एकटीच गेले. दवाखाना उघडायचा होता, बाई आत हत्यारं लावत होत्या. मी पुढची काच पुसायला वाकले आणि वाकलेलीच राहिले.

काचेवर, आतून, बसलेल्या माणसाच्या नाकासमोर येईल अशा उंचीवर एक बेडूक चिकटला होता. अंगठ्याच्या नखाएवढा. हिरवागार. गळा धडधडत होता.

मी वर बघितलं. पानांचा पेला. पान न पान उलटून बघणारी मी, त्या पेल्याच्या तळात साचलेल्या पाण्यात बोट घालून बघायला विसरले होते. नर्सरीतूनच त्यात एखादं पिल्लू आलं असणार. आयतं पाणी, आयते पांढरे किडे, माझ्याच खर्चाने ते मोठं झालं. माझी मान खाली गेली. पण ते फार वेळ नाही टिकलं, कारण लगेच दुसरी गोष्ट डोक्यात आली. पैज मी हरले होते, आणि पैजेवर मामाचा डोळा लावला होता.

मी मामीला फोन केला.

तिने सगळं ऐकून घेतलं. "कुणी बघितला?"

"कुणीच नाही."

"मग डबीत घाल, पिशवीत टाक आणि गप्प बस. इतके दिवस खोटा बेडूक बघतोय तो माणूस. खरा एक दिसला नाही म्हणून काय बिघडलं? बेडकापायी त्याला आंधळा करणारेस का?"

तिचं काही चुकत नव्हतं. मी डबी काढलीसुद्धा, झाकण उघडलं, काच सरकवली. हात आत घालायचा तेवढा बाकी होता. आणि माझी नजर उजव्या कोपऱ्यातल्या नेच्यावर गेली. शोभेसाठी लावलेल्या.

लपवणं मला किती सहज जमायला लागलं होतं, हे मला तेव्हा झोंबलं. मामाला वाटत होतं आपल्याला दिसतंय, आणि वाटणारच, कारण प्रत्येक वेड्यावाकड्या जोडाला चकाचक म्हणणारी मीच होते. माझ्या भरवशावर तो कोटाशी बोलत होता आणि काच कापत होता. आता पुन्हा एकदा लपवायचं, आणि त्या लपवण्यावर त्याला टेबलावर झोपवायचं? मला ते जमेना. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. मी काच पुन्हा सरकवून बंद केली आणि मामाला फोन करून बोलावून घेतलं.

तो मामीला घेऊन आला. मामीने माझ्याकडे असं बघितलं की मी बेडूक असते तर जागीच वाळले असते. मामा नेहमीच्या जागी बसला. बेडूक अजून तिथेच होता, हलला नव्हता.

"मामा," मी म्हटलं, "पैज तू जिंकलास. बेडूक आहे."

मामा एकदम वळला. "आहे?"

महिनाभर ज्याने तो बेडूक रोज बघितला होता, त्याला 'आहे?' असं विचारायचं काही कारण नव्हतं. त्याच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्याने घाईघाईने मान डोलावली. "म्हणजे, आहेच. मी काय सांगत होतो? दगडाशेजारी."

"दगडाशेजारी नाही. पुढच्या काचेवर आहे. तुझ्या नाकासमोर."

मामाने चष्मा काढला, पुसला, घातला. पुढे झाला. नाक काचेला टेकलं. बेडूक त्याच्या भुवईपासून दोन बोटांवर होता. मामाचे डोळे हिरव्या पसाऱ्यावरून इकडून तिकडे फिरले आणि पुन्हा तिकडून इकडे आले. बाई आतून येऊन दारात उभ्या होत्या.

"उडी मारली असेल त्याने," मामा म्हणाला.

"नाही, मामा. तिथेच आहे."

"कुठे?"

गेल्या वर्षभरात मी त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. आपल्याला दिसत नाही अशी एखादी जागा आहे, हे त्याने पहिल्यांदाच कबूल केलं होतं. मामी हळूच त्याच्या शेजारी बसली.

त्याने अंगठा काचेवर ठेवला. पट्टी केव्हाच निघाली होती, जखम भरली होती. अंगठ्याने तो काच चाचपत गेला, जणू बेडूक बाहेरून हाताला लागणार होता. चाचपत चाचपत तो उजव्या कडेला पोचला आणि थांबला. मग कडेवरून वर गेला. खाली आला. मधल्या गोळ्यापाशी येऊन राहिला. काच कापणाऱ्याच्या अंगठ्याला डोळ्यांची गरज नसते.

"ही पेटी आपली?" त्याने विचारलं.

"आपली."

"हा जोड मी केला?"

"हो."

"आणि तू चकाचक म्हणालीस."

"म्हणाले. वाईट वाटलं असतं तुला."

"मग हा नेचाही मला वाईट वाटू नये म्हणूनच लावलास का इथे?" तो रागाने म्हणाला, आणि मला बरं वाटलं. रागावलेला मामा मला माहितीचा होता. तो बराच वेळ त्या गोळ्यावर अंगठा ठेवून बसला. मामीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही.

"पैज मी जिंकलोय ना?"

"जिंकलास."

"म्हणजे आता कुणी माझ्यावर जबरदस्ती करायची नाही."

"नाही करणार."

"मग माझं मी सांगतो." त्याने मान दाराकडे वळवली. "बाई, कधीची तारीख मिळेल? लवकरची द्या. एक जोड दुरुस्त करायचाय मला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं."

ऑपरेशनच्या दिवशी मामा इतका बडबडत होता की बाईंनी त्याला दोनदा गप्प केलं. मामी बाहेर बाकावर बसून रिकाम्या पेटीकडे बघत होती. आता ती खरोखर रिकामी होती. बेडकाला मी एका बरणीत हलवला होता. त्याच्यापासून टोडना रोग लागू नये म्हणून जनावरांच्या डॉक्टरकडून त्याची तपासणी करून घेतली, तो ठणठणीत निघाला. मग मी पेल्यातलं पाणी पिचकारीने ओढून काढलं, प्रत्येक फांदी, प्रत्येक साल, प्रत्येक पान पुन्हा बघितलं. या वेळी पेल्यात बोट घातलं. टोडना आणखी थोडे दिवस टबात काढावे लागले. त्यांनी तोंडं पाडली, पण ती तशी कायमच पडलेली असतात.

मामाला डोळा जपायला सांगितलं होतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, चोळायचं नाही. त्याने सगळं ऐकलं, आणि परवानगी मिळाल्याच्या दिवशी सकाळीच पातं घेऊन दवाखान्यात हजर झाला. मी पोचले तेव्हा तो कोपऱ्यापाशी स्टुलावर बसला होता. पाठीशी मामीचा पहारा. मला तो जवळही येऊ देईना.

"तू नेचा उपटलास का?"

"उपटला. दुसरीकडे लावला."

"मग तुझं काम बघ."

टोड सोडायचा दिवस उजाडला. मामा काळा चष्मा लावून बाकावर बसला होता, बाई हाताची घडी घालून शेजारी उभ्या. मी ओले हातमोजे घातले, टबातला पहिला टोड दोन्ही हातांत घेतला. जड, गार, आणि माझ्यावर भयंकर नाराज. गुडघ्याने काच सरकवली.

"थांब," मामा म्हणाला.

"काय झालं?"

त्याने काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आत आहे एक."

"मामा, पुरे. पैज संपली."

"पैजेचं नाही बोलत. आत बेडूक आहे."

"पेटी रिकामी आहे," मी म्हटलं. हातात टोड वळवळत होता, आणि माझा आवाज पुन्हा चढला होता. "पान न पान बघितलंय मी. पेला उपसलाय. एक मुंगी निघाली तर शपथ."

"मुठीएवढा नाही," मामा म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता, तो काच मोजताना असायचा तसा. "नखाएवढा. हिरवा. त्या मागच्या नेच्याचं वाकलेलं पान बघ, त्याच्या खालच्या बाजूला, देठाजवळ. एक पाय पोटाखाली घेतलाय. पाठीवर पिवळट रेघ आहे, उजवीकडे थोडी तुटलेली."

मी बघितलं. पान दिसलं. देठ दिसला. हिरव्यावर हिरवं, दुसरं काही नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात देठाजवळचं ते हिरवं एकदा धडधडलं.

पाठीवरची पिवळट रेघ उजवीकडे तुटलेली होती.

माझ्या हातातल्या टोडने तो माझ्याआधी बघितला असावा, कारण त्याने नाराजी सोडून एकदम मान पुढे काढली. मी त्याला टबात परत टाकला आणि झाकण लावलं. आणखी अर्ध्या मिनिटात त्या पिल्लाचा घास झाला असता, माझ्या देखत, माझ्या चोख पेटीत. मी ते डबीत घेतलं, पहिल्याच्या बरणीत सोडायला. पेल्यातून दोघं आली होती. एकच असेल असं मी धरून चालले होते, कारण मला एकच दिसलं होतं.

डॉक्टरीणबाई मामाकडे बघून हसत होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

मामाने खिशात हात घातला आणि काच पुसायचं फडकं काढलं. त्याचं दुकानातलं, जुनं, मऊ. घडी करून माझ्यापुढे धरलं.

"घे. काय बोलली होतीस ते आठवतंय ना? बस पुसायला."

मी फडकं घेतलं आणि बसले. पुढची काच पुसली. त्याच्या नाकाचा डाग अजून होता तिथे, तो काढला. मग उजव्या कडेवरून फडकं वर नेलं, खाली आणलं. कुठेच अडकलं नाही. मी हातमोजा काढला आणि अंगठा फिरवून बघितला. काच संपून दुसरी काच कुठे सुरू होते तेवढंच काय ते कळत होतं.

"चकाचक," मी म्हटलं.

"मला दिसतंय," मामा म्हणाला.